विहिरींच्या फोरमची झाडलोट

विहिरीत पोहणाऱ्यांचा एक फोरम आहे आणि त्याची झाडलोट माझ्याकडं आहे. हे ऐकून ऑफिसातले लोक हसतात. हसू द्या. संभाजीनगरात पोहण्याचे तलाव आहेत, निळ्या फरशीचे, टोपी घातल्याशिवाय आत न सोडणारे. पण ज्यानं लहानपणी काठावरून गुडघे पोटाशी घेऊन विहिरीत मुटका मारलाय, त्याला त्या तलावात बादलीत बसल्यासारखं वाटतं. असे लोक पुष्कळ आहेत. कोणी मोंढ्यात, धान्यबाजारात, अडतीवर बसतो, कोणी बँकेत, कोणी वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करतो. गाव सुटलं, विहीर काही सुटली नाही. रविवारी गाडीला किक मारायची, विहिरीच्या मालकाला राम राम घालायचा आणि आत. मी बाई आहे म्हणून मी पंजाबी ड्रेसवर पोहते, ओढणी काठावर दगडाखाली ठेवून. कोणाला काय वाटायचं ते वाटो.

फोरमवर प्रत्येक विहिरीचा एक धागा असतो, म्हणजे एक पान. वर फोटो, जायचा रस्ता, पाणी किती पुरुष खोल, आत उतरायची वाट कशी. त्याखाली लोकांचे प्रतिसाद. फोरम सुरू केला वैजापूरच्या एका रिटायर ड्रायव्हरांनी. आयुष्यभर एसटी चालवली, त्यामुळं गावोगावच्या विहिरी त्यांना ठाऊक. आम्ही सगळे त्यांना ड्रायव्हर काका म्हणतो. त्यांनी फोरमला एकच नियम घातला होता. पाण्यात शिरण्याआधी त्या विहिरीच्या धाग्यावर ‘उतरलो’ लिहायचं आणि बाहेर आल्यावर ‘वर आलो’ लिहायचं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

मला पोहायला अण्णांनी शिकवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. पिशोरला आमची विहीर आहे, जुन्या दगडी बांधणीची, खोल. तिला पायऱ्या नाहीत. भिंतीतून बाहेर काढलेले दगड आहेत, त्यांवर पाय देत खाली जायचं. मध्याच्या खाली, पाण्यालगत एक ओटा आहे, पूर्वी त्याच्यावर मोटार बसवलेली होती. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून अण्णांनी मला त्या विहिरीत सोडलं आणि स्वतः ओट्यावर बसून ओरडत राहिले, “हात मार, हात! पाणी खातंय व्हय तुला?” पोरीच्या जातीला विहिरीत कशाला उतरवतो, म्हणून भावकीनं नावं ठेवली. तीच पोरगी पुढं बी.एस्सी. झाली, कॉम्प्युटर घेऊन. आमच्या घरातच काय, आमच्या आळीत कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी मिरवते. का मिरवू नये? पहिल्या वर्षाला इंग्रजी पुस्तकातलं एक पान समजायला मला अख्खी संध्याकाळ लागायची, आणि ते पान मी समजून घ्यायचेच.

आता मी शहरात एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आहे. माणसाला पडद्यावर हवी ती गोष्ट पटकन कशी सापडेल, हे पाहणं माझं काम. नको ते काढायचं, हवं ते वर आणायचं. या कामात मी चांगली आहे. आजही म्हणते.

अण्णा साठीच्या पुढं गेले, तरी रोज सकाळी विहिरीवर जायचे. एकटे. आई म्हणायची, कोणाला तरी संगं न्या. ते म्हणायचे, “माझ्या बापानं खांदलेली हीर. ती मला गिळती काय?” मी समजावलं, भांडले, रुसले. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांना एक फोन घेऊन दिला, आमच्या विहिरीचा धागा काढला आणि अक्षरं कशी शोधायची ते शिकवलं. माझा हेतू एवढाच होता की रोज सकाळी त्यांचं ‘वर आलो’ मला दिसावं. ते वाचल्याशिवाय मी डब्याचं झाकण लावत नव्हते.

ते लिहायचेही. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, एकेक अक्षर टोचून टोचून लिहायचा. ‘वर आलो. पाणी लई गार.’ ‘वर आलो. कासव दिसलं.’ एकदा लिहिलं, ‘वर आलो. मधला एक दगड हालतोय.’ मी फोन करून ओरडले. ते म्हणाले, “हालतोय म्हणलं, पडलाय कुठं म्हणलं?” तरी पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी गवंड्याकडून तो दगड पक्का करून घेतला होता.

पण फोरमचं काय झालं होतं बघा. एकेका धाग्यावर शेकड्यांनी ‘उतरलो’, शेकड्यांनी ‘वर आलो’. मध्येच कोणाचं तरी ‘जय हरी’, कोणाचा भज्यांचा फोटो, कोणाचं ‘काका, उद्या येता का’. विहिरीची माहिती त्या ढिगात पुरलेली. गंगापूरच्या एका बाईंनी चिडून लिहिलं, “मला एवढंच बघायचं होतं की आत उतरायला पायऱ्या आहेत का. तासभर ‘वर आलो’, ‘वर आलो’ वाचतेय. पायऱ्या काही आल्या नाहीत.” सगळे हसले. मी नाही हसले. हे माझं काम होतं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर वाईट पडून होतं.

मी ड्रायव्हर काकांना फोन लावला. “काका, फोरम झाडायला लागेल.”

“झाडा की.”

“उतरलो, वर आलो काढावं लागेल. त्याचाच कचरा जास्त आहे.”

“कचरा म्हणू नका ताई.”

“मग काय म्हणू?”

“माणूस वर आल्याची खबर आहे ती.”

“खबर राहील काका. फक्त जागा खाणार नाही.” मग मी त्यांना समजावून सांगितलं. प्रत्येक विहिरीच्या पानावर एक बटण. उतरताना दाबलं की तुमच्या नावापुढं लाल दिवा. वर आल्यावर पुन्हा दाबलं की हिरवा. एका नजरेत कळेल कोण पाण्यात आहे. टाईप करायची भानगडच नाही.

“म्हणजे लिहायचं काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“हं,” काका म्हणाले. “लिहायला माणूस जरा काठावर बसतो. दम खातो. काही दिसलेलं असतं ते सांगतो.” मग स्वतःच म्हणाले, “जाऊ द्या. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला त्यातलं कळतं.”

त्यात टोमणा नव्हता. ते माझ्या हक्काचं आहे असं समजून मी ते घेतलं.

पुढचे दोन-तीन आठवडे ऑफिसातून आल्यावर मी तेच केलं. जुने सगळे ‘उतरलो’ आणि ‘वर आलो’ उचलून एका वेगळ्या भागात टाकले. त्याला नाव दिलं ‘माळा’. घरात नको असलेलं सामान जिथं टाकतो तो माळा. तिथं सहसा कोणी चढत नाही. उरलेली माहिती नीट लावली. रस्ता, वाट, पाणी, मालकाची परवानगी. बटण मोठं केलं, जाड बोटालाही सापडेल असं. रेंज कमी असलेल्या शिवारातही पान उघडावं म्हणून फोटो हलके केले. झालं तेव्हा मी स्वतःच पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. पहिल्या पानावर विहिरींची यादी आणि नावापुढं दिवे.

लोक खूश झाले. गंगापूरच्या बाईंनी लिहिलं, पायऱ्या सापडल्या. अण्णांनी तर गावात कोणाला सांगायचं ठेवलं नाही. पारावर फोन काढून दाखवायचे, “ह्ये बटन. एकदा दाबलं की लाल, दुसऱ्यांदा दाबलं की हिरवं. आमच्या पोरीनं केलंय. कंपूटरची ग्रॅज्युएट हाये.”

आणि फोरम गप्प झाला.

मला ते आधी कळलंच नाही. शांतता मला स्वच्छतेसारखी दिसली. ‘वर आलो’च्या मागं लोक जी एक ओळ लिहायचे, ती बंद झाली. पाणी गार की कोमट, कासव, साप, गाळ, तुटलेला पाईप, सगळं बंद. उन्हाळा चढत गेला, विहिरी खाली जात होत्या, पण पानांवर पावसाळ्यानंतर लिहिलेलं पाणी तसंच राहिलं. एका विहिरीच्या पानावर तीन पुरुष लिहिलेलं होतं. ते वाचून एकानं सूर मारला आणि कपाळ फोडून घेतलं. छातीएवढंही पाणी नव्हतं. टाके पडले. मी त्या पानावरचा आकडा बदलला आणि पुढं गेले. चूक आकड्याची आहे असं मला वाटलं.

दुसरंही एक दिसत होतं. अण्णांचा दिवा लाल झाला की लगेच हिरवा व्हायचा. पूर्वी त्यांच्या ‘उतरलो’ आणि ‘वर आलो’ यांच्यात माझा चहा, आंघोळ, पोळ्या सगळं व्हायचं. आता मी फोन हातात घेईपर्यंत हिरवा. मी म्हटलं, वय झालं, आता फार वेळ पोहत नसतील. चला, बरंच झालं. असं मी बरेच दिवस म्हटलं.

त्या रविवारी आम्ही काही जण गंगापूर रोडला एका ऊसवाल्याच्या विहिरीवर जमलो होतो. सकाळी निघताना मी पाहिलं, अण्णा हिरवे. मी निश्चिंत होते. आमच्यात एक भाई आहेत, मला ते बाजी, म्हणजे ताई, म्हणतात. शहरात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी विहिरीतून काढून आणायच्या, नवी तार भरून परत सोडायच्या, हा धंदा. ते काठावर माझ्याशेजारी बसले, शर्ट काढला, फोन काढला, बटण दाबलं. लाल. पुन्हा दाबलं. हिरवा. मग फोन बुटात सरकवला आणि उडी मारायला उभे राहिले.

“भाई, थांबा. तुम्ही अजून उतरलाच नाहीत.”

“उतर रहा ना, बाजी.”

“मग हिरवा कसा?”

मी काहीतरी पोरकट विचारलं असावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “गीली उंगली को फोन सुनताच नै. बाहर आको हाथ पोंछो, चष्मा ढूंढो, फिर दबाओ. कौन करता इत्ता? पहलेच दबा देते.”

“पहलेच?”

“हौ. सब ऐसाच करते. पूछो इनको.”

पाण्यातून एक जण ओरडला, “ताई, बटण लई भारी केलंय! दोनदा दाबलं की मोकळं!”

दुसरा म्हणाला, “आता घरी पण कटकट नाय. दिवा हिरवा, बायको गप्प.”

विहिरीत हशा घुमला. विहिरीतलं हसणं वर येईपर्यंत वेगळंच होतं, कोणाचं आहे ते कळत नाही. मीही हसले, क्षणभर. मग अण्णांचा लगेच हिरवा होणारा दिवा आठवला.

मी अण्णांना फोन लावला. रिंग वाजली, वाजत राहिली, थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. पान उघडलं, हिरवा. आईला लावला. मागं हळदीची गाणी चाललेली.

“आई, अण्णा कुठंत?”

“घरीच असत्याल. मी कालपास्नं कन्नडला न्हाय का, भाचीच्या लग्नाला. का गं?”

“काही नाही. फोन उचलत नाहीत.”

“ठिवला असंल कुठं तरी.”

मग चुलतभावाला. तो गावातच असतो. “अण्णा दिसले का रे?”

“सकाळी दिसले व्हते. टावेल घेऊन चालले व्हते हिरीकडं.”

“परत येताना?”

“परत येताना...” तो थांबला. “नाय बा. तवा ऊन बी पडलं नव्हतं.”

माझ्या डोक्यावर ऊन तापलेलं होतं. “पळ. विहिरीवर पळ.”

“काय झालं?”

“पळ म्हणते ना!”

भाई ओले झालेच नव्हते. त्यांनी शर्ट खांद्यावर टाकला आणि टेम्पोची किल्ली काढली. “चलो,” एवढंच म्हणाले.

दौलताबादच्या दरवाजापाशी रविवारच्या गाड्या अडकल्या होत्या. किल्ला बघायला आलेली पोरंबाळं, रसवंत्या, पेरूवाले. भाई हॉर्नवर हात ठेवून बसले. मी पान उघडत होते, बंद करत होते, उघडत होते. घाटात रेंज जात-येत होती तरी पान उघडायचं. त्यावर मी किती मेहनत घेतली होती! आणि दर वेळी तेच दिसायचं, आमची विहीर, अण्णांचं नाव, पुढं हिरवा दिवा. माझ्या हातानं निवडलेला हिरवा. कोणाच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून जरा मऊ घेतलेला. त्या दिव्यावर विश्वास ठेवावा असं मला अजूनही आतून वाटत होतं, हे सांगायला हवं. मन म्हणत होतं, हिरवा आहे ना, मग कशाला?

खुलताबाद मागं पडल्यावर चुलतभावाचा फोन आला. त्याला दम लागला होता.

“हायेत. आत हायेत.”

“आत म्हणजे?”

“मोटारीच्या वट्यावर. बोलतात. पाय मोडलाय वाटतं, हालता येईना. माणसं बोलावलीत, बाज सोडतोय खाली.”

भाईंनी माझ्याकडं न पाहताच विचारलं, “हैं ना?”

“आहेत,” मी म्हणाले. मग मला रडू आलं आणि त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

आम्ही पोहोचलो तेव्हा बाज वर येत होती. चारही पायांना दोर बांधलेली बाज, वर आठ-दहा माणसं ओढणारी, प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतोय, “सावकाश, सावकाश, भित्तीला लागंल.” भाईंनी मध्ये शिरून एक दोर धरला. त्यांना जड वस्तू विहिरीतून सरळ वर कशी आणायची ते रोजचं. बाज काठावर टेकली. अण्णांचे ओठ काळेनिळे झाले होते. एका पायाची कातडी पांढरी, सुरकुतलेली, धुऊन पिळलेल्या कपड्यासारखी. वर येताना हाताखालचा दगड निखळला होता. पक्का केलेला नव्हे, त्याच्या वरचा. तो दगड आणि अण्णा दोघंही ओट्यावर आदळले. पाय पाण्यात लोंबकळत राहिला. आसपासच्या शेतांत त्या दिवशी कोणी नव्हतं, लग्नसराईमुळं अर्धं गाव बाहेरगावी. सकाळपासून ओरडून त्यांचा आवाज बसला होता.

मी वाकले. ते हळू म्हणाले, “फोन वाजत व्हता. वर काठावर. मला ऐकू येत व्हता.”

“मीच लावत होते, अण्णा.”

“वाटलं, आता कोणी तरी यील.” त्यांनी डोळे मिटले. “मग वाटलं, कशाला यील? मी तर वर आलोय.”

भोवतालची माणसं काय समजली असतील देव जाणे. कोणी तरी म्हणालं, म्हातारं बरळतंय. मला प्रत्येक शब्द समजला होता. ते त्या ओट्यावर बसून पाण्याकडं बघत असताना त्यांना ठाऊक होतं की शहरात मुलगी हिरवा दिवा बघून कामाला लागली असेल.

दवाखान्यात, पायाला प्लास्टर घालून झाल्यावर, मी त्यांना विचारलं, “ओल्या हातानं बटण दाबत नाही, हे मला सांगितलं का नाही?”

“सांगणार व्हतो की.”

“मग?”

“तू केलेलं. सगळी वाखाणत व्हती. म्हणलं, आपण कशाला नाव ठिवायचं? शिकल्याली पोरगी, तिनं इचार करूनच केलं असंल.”

मग मी एकेकाला विचारत गेले. सगळ्यांचं तेच. सगळ्यांना पहिल्याच रविवारी कळलं होतं. कोणी सांगितलं नाही, कारण ताईंनी केलंय, ताई शिकलेल्या आहेत, त्यात काही तरी हिशेब असेल. माझ्या डिग्रीचा मला अभिमान आहे, तो कमी झालेला नाही. पण तिच्यामुळं माणसं माझ्यासमोर गप्प बसतात, हे मला ठाऊक नव्हतं. ऑफिसात आम्ही नवं काही केलं की चार लोकांना वापरायला देऊन बघतो. इथं मी कोणाला वापरायला दिलंच नाही. आपलीच माणसं, त्यांना काय विचारायचं?

त्याच आठवड्यात मी बटण काढून टाकलं. दिवे गेले. मोठ्या अक्षरांत लिहिलं की आजपासून पुन्हा पूर्वीसारखं ‘उतरलो’ आणि ‘वर आलो’ लिहा, बाहेर आल्यावरच लिहा, आणि अण्णांचं काय झालं तेही लिहिलं. पुष्कळांनी हात जोडले. काळजी घ्या म्हणाले. पहिल्या रविवारी थोड्यांनी लिहिलं. दुसऱ्या रविवारी त्याहून कमी. मग एकानं म्हटलं, “ताई, दिवा बरा होता. आता कोण टाईप करत बसणार?” एकाच्या घरी वेगळीच कटकट सुरू झाली. बायको विचारायला लागली, तुमचा दिवा कुठं गेला, कुठं जाता खरंच?

मी ड्रायव्हर काकांना फोन केला. “काका, तुम्ही सांगा ना लोकांना. तुमचं ऐकतील.”

“ऐकतील. महिनाभर,” ते म्हणाले. “सवय मोडली ना ताई. लावायला मला सात-आठ वर्षं लागली होती.”

“हा नियम तुम्ही का केला होता, काका?”

त्यांच्या मागं कुकरची शिट्टी झाली, कोणी तरी नातवाला हाक मारली.

“झालं होतं काही तरी,” ते म्हणाले. “तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता नाही सांगवत.”

अण्णा सध्या आमच्याकडं शहरात असतात. पाय जुळला, पण दगडांवरून उतरायचा राहिला नाही. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या फोनवर फोरम उघडून बघतात. पानं सुंदर आहेत, ते खरंच. स्वच्छ, सोपी. त्यामुळं नवे लोक येतात, कधी विहीर न पाहिलेलेही. मागच्या महिन्यात एक जण आला, बदली होऊन शहरात नवा आलेला. वैजापूरकडच्या एका विहिरीच्या पानावर त्यानं लिहिलं, “फार छान पान आहे. सगळी माहिती एका नजरेत मिळाली. उद्या सकाळी एकटाच जातोय.”

मी लगेच लिहिलं की एकटं जाऊ नका, पाण्याचा आकडा जुना आहे, वरून उडी मारू नका, आणि वर आल्यावर इथं दोन शब्द लिहा. त्यानं उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काही नाही. दुपारपर्यंत काही नाही. मी लिहिलं, “आलात का वर?” फोन नंबर त्यानं दिलेला नव्हता. आम्ही नवीन सदस्याला नंबर विचारत नाही, भरायला कमी रकाने असावेत म्हणून मीच तो काढला होता. विहिरीच्या मालकाला फोन लावला, तो मोंढ्यात होता. “लई जण येतात ताई. कोण आलं, कोण गेलं, आपल्याला काय ठावं?”

अण्णांनी खिडकीपाशी बसूनच विचारलं, “लिव्हलं का त्यानं?”

“नाही.”

“मग बसलीस काय?”

मी भाईंना फोन केला. ते दुकान बंद करून आले, टेम्पोत दोर आणि गळ होताच. ऊन कलायच्या आत आम्ही पोहोचलो. बांधावर गाडी नव्हती. काठावर कपडे नव्हते. भाईंनी पोटावर झोपून विहिरीत गळ सोडला, सगळीकडं फिरवला. गाळ आणि एक सडकी बादली वर आली. “कुछ नै है, बाजी. आया होगा, नहाया होगा, गया होगा. चलो.”

बरोबरच असेल त्यांचं. बहुतेकांच्या बाबतीत तसंच असतं. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो, लिहायचं विसरतो. त्यानं अजूनही काही लिहिलेलं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या विहिरीच्या पानावरही तो दिसला नाही.

भाई टेम्पोकडं गेले तरी मी काठावर उभी होते. खाली पाणी काळं, स्थिर. त्यात कोणी उतरल्याची खूण नव्हती आणि कोणी वर आल्याचीही नव्हती.